तारली थोरली झाली की बांगडा होते?

बेळगावच्या मासळी बाजारात परवा एक काकू ठासून सांगत होत्या, "तारली थोरली झाली की बांगडाच की!" विकणारी मावशी नुसती हसली. सकाळी सकाळी गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? आम्ही पडलो घाटावरची माणसं. मासा आमच्याकडे चोर्ल्याचा नाहीतर अनमोडचा घाट चढून बर्फातून येतो, त्याचं बालपण कुणी बघितलंय! टोपलीत बारका बांगडा आणि गलेलठ्ठ तारली शेजारी पडली की दोन्ही चंदेरी आणि दोन्ही वीतभराच्या आतच.

पण काकूंचं चुकलं. बांगडा सुरमई आणि कुप्याच्या कुळातला, तारली हिलशाच्या. बांगड्याच्या पाठीवर काळपट रेघा असतात आणि शेपटीजवळ वर-खाली पाच-पाच चिमुकले पर. तारलीच्या पाठीवर एकच पर, आणि तिचे खवले हाताला चिकटून येतात. तिच्या पोटाखालून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, करवतीसारखं खरखरेल.

खरा फरक कल्ल्यांत आहे. दोघंही शिकार फाडून खाणारे नव्हेत. तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि पाणी गाळून पोट भरायचं, ही दोघांची रीत. कल्ल्याच्या कमानीवर कंगव्यासारखे दाते असतात, तीच त्यांची चाळण. बांगड्याच्या कमानीच्या खालच्या भागावर हे दाते ३०-४० च्या घरात, तारलीच्या तेवढ्याच भागावर १५० च्या वर. म्हणजे एकाकडे रव्याची चाळणी, दुसरीकडे मैद्याची. म्हणून तारलीच्या पोटात मुख्यतः डायटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी समुद्री शेवाळं सापडतात. बांगडा पोरवयात तेच खातो, पण मोठेपणी कोपेपॉडसारखे बारके कवचधारी जीव आणि कोळंबीची पिल्लं यांच्याकडे वळतो.

तारलीचं नशीब पावसाशी बांधलेलं आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं आणि डायटमचं पीक फोफावतं. ते खाऊन पावसाळ्यानंतर तारली अशी चरबी धरते की तव्यावर वेगळं तेल घालायची गरज नाही. हेच तेल पूर्वी लाकडी होड्यांना चोपडत. पण चाळण इतकी बारीक, की ते पीक बुडालं तर फार फटका बसतो. केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या आसपास तारली मिळाली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही. कारणं एकापेक्षा जास्त आहेत, बारकी पिल्लं उपसणं हेही त्यात आलं.

वाढ मोजणं सोपं नाही. थंड समुद्रातल्या माशांच्या खवल्यांवर किंवा कानातल्या खड्यावर हिवाळ्याची वलयं उमटतात, झाडाच्या खोडासारखी. आपल्या उबदार पाण्यात ती स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी महिन्यामागून महिने माशांची लांबी मोजून हिशेब मांडतात. त्यावरून तारली वर्षभरात साधारण १५ सेंटिमीटर होते आणि अंडी घालायला लागते. फार झालं तर २३ सेंटिमीटरपर्यंत जाते, आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. बांगडा २० च्या आसपास पोचल्यावर वयात येतो आणि ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो.

म्हणजे टोपलीत १५ सेंटिमीटरची तारली आणि तेवढाच बांगडा शेजारी असतील, तर ती आई असते आणि हा पोरगा. केरळात किमान मापाचा नियम आहे, तिथं १० सेंटिमीटरखालची तारली आणि १४ खालचा बांगडा धरायचा नाही. बांगड्याचं माप मोठं का, ते आता काकूंना सांगायला हवं. त्या दिवशी त्यांनी बारके बांगडेच घेतले, तारली म्हणून, आणि भावात घासाघीसही तारलीचीच केली.