तांबूस कडांमधली एक पांढरी कड

अमेरिकेत बँकेला आधी सांगून ठेवलं, तर अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचा अख्खा बॉक्स मागवता येतो. मोजायचे ५०० डॉलर. आत वीस-वीस नाण्यांचे ५० रोल, म्हणजे १००० नाणी, वजन सव्वाअकरा किलोच्या थोडं वर. घरी आणून रोल फोडायचे, नाणी ओळीने उभी रचायची आणि त्यावरच्या केनेडींच्या चेहऱ्याकडे न बघता फक्त कडा बघत जायचं. तांबूस, तांबूस, तांबूस... आणि मधेच एखादी पांढरीस्वच्छ कड. ती चांदी. बाकीची नाणी पुन्हा बँकेत भरायची. नाणं नाण्याच्याच किमतीला घेतलेलं असल्यामुळे मुद्दल बुडत नाही, जातो तो वेळ आणि पेट्रोल.

या छंदाला तिकडे ‘कॉइन रोल हंटिंग’ म्हणतात. त्यामागचं धातुशास्त्र आणि गणित मला चांदीइतकंच मोलाचं वाटतं.

१९६४पर्यंतच्या अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असे. वजन १२.५ ग्रॅम, त्यातली शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम. चांदीचा भाव औंसाला ३० डॉलर धरला, तर पन्नास सेंटच्या या नाण्यात पावणेअकरा डॉलरच्या वर चांदी भरते. १९६५ ते १९७० या काळातल्या नाण्यात चांदी ४० टक्क्यांवर आली आणि वजन ११.५ ग्रॅम झालं. १९७१पासूनच्या चलनी नाण्यांत चांदी अजिबात नाही. आत शुद्ध तांबं, दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचे पातळ पत्रे, वजन ११.३४ ग्रॅम. कडेवर दिसणारी तांबूस रेघ ही त्या आतल्या तांब्याची. नाणं पत्र्यातून कापून काढतात तेव्हा थर कडेला उघडे पडतात, आणि ते झाकायची सोय कुणी केलेली नाही. ४० टक्केवाल्याची कड सर्वांत फसवी. त्याच्या गाभ्यातही थोडी चांदी असल्यामुळे रेघ असते, पण फिकट, राखाडीकडे झुकलेली. पहिल्या बॉक्सला ती डोळ्याला सापडेलच असं नाही. म्हणून शंका आली की साल वाचायचं.

पण चांदी काढून टाकायची होती, तर सरळ एकाच स्वस्त धातूचं नाणं का नाही पाडलं? हे थरांचं सँडविच कशासाठी? याचं उत्तर शीतपेयं आणि चॉकलेट देणाऱ्या यंत्रांमध्ये आहे. १९६०च्या दशकात अमेरिकाभर अशी यंत्रं होती आणि ती चांदीच्या नाण्यांसाठी बेतलेली होती. नाणं आत घरंगळताना चुंबकाजवळून जातं. चुंबकीय क्षेत्रातून वीजवाहक धातू सरकला, की त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे वीजप्रवाह उमटतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह नाण्याच्या गतीला विरोध करतात, जणू ब्रेक लावतात. चांदी ही विजेची सर्वोत्तम वाहक, त्यामुळे तिला ब्रेक जोरात लागतो. नुसत्या तांबं-निकेलची वाहकता शुद्ध तांब्याच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतकी. असं नाणं भरधाव निघून जाईल आणि यंत्र ते खोटं ठरवून परत टाकेल. ओहायोतल्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटने अमेरिकी कोषागारासाठी पर्यायी धातूंचा अभ्यास केला. वाहकतेत चांदीच्या खालोखाल तांबं, तेव्हा पोटात तांबं घातलं आणि वर पांढरा पत्रा चढवला. यंत्राला फरक कळला नाही. १९६५च्या कायद्याने दहा आणि पंचवीस सेंटची नाणी अशी झाली आणि पुढे १९७१मध्ये अर्धा डॉलरही त्याच वाटेने गेला. यंत्रासाठी केलेली ही इतकी विचारपूर्वक रचना माणसाच्या डोळ्याला मात्र एका रेघेत कळते!

कानालाही कळते. आपल्याकडे नाणं ‘वाजवून घ्यायची’ पद्धत होती. खरं ते खणखणीत, खोटं ते बद्द. त्यामागचं कारण भौतिक आहे. ९० टक्के चांदीचं नाणं एकाच मिश्रधातूचं, आतून एकसंध. आपटलं की कंपनांची ऊर्जा हळूहळू विरते आणि नाद लांबत जातो. थरांच्या नाण्यात तो लवकर मरतो. घरात राणीछाप रुपया असेल तर तो दगडी फरशीवर हलकेच टाकून त्याचा नाद ऐका.

राणीछाप रुपयाची आठवण इथे आणखी एका कारणाने येते. १९४० साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली, आणि १९४७मध्ये रुपया निकेलचा झाला. दर्शनी किंमत एकच असलेली दोन नाणी हातात आली, तर माणूस हलकं खर्च करतो आणि भारी ट्रंकेत ठेवतो. अर्थशास्त्र याला ग्रेशमचा नियम म्हणतं. अमेरिकेतही चांदीची लहान नाणी अशीच भराभर बाजारातून उठली.

मग अर्ध्या डॉलरमध्ये चांदी उरलीच कशी? इथे गंमत आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि मार्च १९६४मध्ये त्यांच्या चेहऱ्याचा अर्धा डॉलर आला. लोकांनी तो आठवण म्हणून जपून ठेवला. त्या एका सालाची ४२ कोटींहून अधिक नाणी पाडली गेली, तरी दुकानात ती दिसेनात. पुढे १९६५ ते १९६९ची, ४० टक्के चांदीची, ८४ कोटींहून अधिक नाणी आली. त्यांचंही तेच झालं. दुकानांना या नाण्याशिवाय व्यवहार करायची सवय लागली. म्हणजे रोज हातोहात फिरून गाळली जाणारी नाणी चांदीला मुकली, आणि जे नाणं कुणी वापरत नाही ते तिजोऱ्यांमध्ये न चाळलेलं पडून राहिलं.

आता गणित. समजा, तुमच्या भागात दर बॉक्समागे सरासरी एक चांदीचं नाणं निघतं आणि नाणी नीट मिसळलेली आहेत. तरीही विरळ घटनांची शक्यता काढणाऱ्या प्वासाँच्या सूत्राप्रमाणे सुमारे ३७ टक्के बॉक्स रिकामेच निघतील. सलग तीन रिकामे निघण्याची शक्यता ५ टक्के. म्हणजे तीनदा निराशा झाली म्हणून ‘इथली चांदी संपली’ असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरतं. त्यात नाणी नीट मिसळलेली नसतातच. एखाद्या घरातले आजोबा गेले, वारसांनी डबा उचलून बँकेत भरला, की एकाच रोलमध्ये चांदीची दहा नाणी येतात आणि पुढचे कित्येक बॉक्स कोरडे जातात. सरासरी तीच, पण चढउतार सूत्राने सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठे.

काही जण तपासलेल्या नाण्यावर मार्करने ठिपका देतात, आपलीच नाणी पुन्हा विकत घेतली जाऊ नयेत म्हणून. त्याच कारणासाठी नाणी घ्यायची बँक एक आणि भरायची दुसरी ठेवतात. तळ्यातले मासे मोजायला जीवशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात: काही मासे पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं. समजा, तुम्ही ठिपका दिलेली १००० नाणी भरली आणि काही महिन्यांनी १०००च्या बॉक्समध्ये त्यातली २० परत आली. म्हणजे ठिपकेवाली दोन टक्के. तेव्हा तुमच्या भागात फिरणारा साठा सुमारे ५०,००० नाण्यांचा. सगळी नाणी नीट मिसळतात हे गृहीतक इथेही डळमळीत आहे, तरी आपण समुद्रात गळ टाकतोय की विहिरीत, एवढा अंदाज येतो.

अमेरिकेतल्या वाचकांपैकी कुणी बॉक्स आणलाच, तर १९८७ साल दिसल्यावर थांबा. त्यात चांदी नाही, पण त्या वर्षीचे अर्धे डॉलर चलनात सोडलेच नव्हते, फक्त संग्राहकांच्या संचांत दिले होते. ‘डी’ या टांकसाळ-खुणेचं (म्हणजे डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडलेलं) १९७०चं नाणंही तसंच, आणि त्यात तर ४० टक्के चांदी आहे. असं नाणं रोलमध्ये आलं, म्हणजे कुणाचा तरी संच फोडून खर्च झालाय. मग त्या रोलच्या मागचे-पुढचे रोल सावकाश बघा. त्याच घरातली बाकीची नाणी बहुधा तिथेच असतात.