युवा प्रतिनिधी (मेंढी व लोकर उद्योग)

मेंढीपालकांच्या संघटना किंवा स्पर्धांचे आयोजक या धंद्याची बाजू लोकांपुढे मांडण्यासाठी ठराविक मुदतीपुरती ज्या तरुण-तरुणींची निवड करतात, ते या उद्योगाचे युवा प्रतिनिधी होत. प्रदर्शनांना हजेरी लावणे, शाळांत जाऊन बोलणे, लोकरीचे कपडे घालून मिरवणे ही त्यांची नेहमीची कामे.

अमेरिकेत ही प्रथा फोफावली ती धास्तीपोटी. १९४०च्या दशकात तिथे सुमारे साडेपाच कोटी मेंढ्या होत्या. पुढे कळप झपाट्याने घटले, शिवाय नायलॉन-पॉलिएस्टरने लोकरीचे गिऱ्हाईक पळवले. आज मेंढ्यांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे. १९५४च्या राष्ट्रीय लोकर कायद्याने उत्पादकांना अनुदान दिले आणि त्यातला काही भाग जाहिरातीकडे वळवण्याची वाट मोकळी केली. त्याच सुमारास टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे ‘मिस वूल’ स्पर्धा रंगू लागल्या. विजेती लोकरीच्या पोशाखांत ठिकठिकाणी फिरे. थाट सौंदर्यस्पर्धेचा, मेंढी तशी पडद्याआडच.

१९४७ साली सुरू झालेली ‘मेक इट विथ वूल’ स्पर्धा मात्र अजून टिकून आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: इथे हाताचे कसब लागते. किमान ६० टक्के लोकर असलेल्या कापडाचा किंवा सुताचा पोशाख स्पर्धकाने स्वतः शिवायचा वा विणायचा आणि स्वतःच अंगावर घालून दाखवायचा.

ऑस्ट्रेलियाने तर मुकुटाऐवजी परीक्षाच ठेवली. २०१३पासून भरणाऱ्या ‘नॅशनल मेरिनो चॅलेंज’मध्ये (मेरिनो ही तलम लोकरीच्या मेंढ्यांची जात) शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी चाऱ्याचा हिशेब मांडतात, मेंढीच्या कण्यावरून बोटे फिरवून तिच्या अंगावरचे मांस-चरबी जोखतात, लोकरीची प्रत आणि किंमत ठरवतात. लोकर पारखण्याची जुनी रीत पाहण्यासारखी असते. कातरलेल्या लोकरीतून एक बट उपसायची, दोन्ही टोके चिमटीत ताणून धरायची, कानाजवळ नेऊन मधल्या बोटाने टिचकी मारायची. चांगली बट टणकन वाजते; कच्ची असली तर तडतडते किंवा मधूनच तुटते. मेंढीची उपासमार झाली किंवा ती आजारी पडली, तर त्या काळात वाढलेला तंतू बारीक राहतो आणि बट नेमकी तिथेच दगा देते.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय मेंढी संघटना तरुण मेंढीपालकांनाच दूत म्हणून निवडते आणि प्रशिक्षण देते. तिथे कित्येकदा कातरणीची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून सुटत नाही. त्यामुळे या दूतांचा भर कपड्यांपेक्षा मांस, पैदास आणि कुरणांच्या व्यवस्थापनावर असतो.