मृत्यूचं अधिकृत कारण

मृत्यूच्या दाखल्यावर नोंदलेलं आणि आकडेवारीत मोजलं जाणारं कारण. शेवटच्या क्षणी काय झालं याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो, ज्या आजारामुळे किंवा इजेमुळे सगळं सुरू झालं ते मूळ कारण धरतात.

दाखल्याचा पहिला भाग म्हणून खालून वर वाचायचा. समजा पहिल्या ओळीत फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, खाली पायाच्या शिरेतली गुठळी, त्याखाली मोडलेलं मांडीचं हाड, आणि तळाला पाय घसरून पडणं, तर मोजणीत जातं ते पडणं. जुना मधुमेह असला तर तो दुसऱ्या भागात, हातभार लावणारा म्हणून. नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ लिहिण्यात अर्थ नाही, ती सगळ्यांचीच पडते, तरी डॉक्टर सर्रास लिहितात.

कारण वेगळं आणि प्रकार वेगळा. नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून की अनिश्चित हे ठरवणं बहुतेक ठिकाणी उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या हातात नसतं, संशय आला की केस पोलीस, कोरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) किंवा मेडिकल एक्झामिनरकडे (हेच काम करणारा डॉक्टर) जाते. कोरोनर हे पद नेमकं कधीचं यावर वाद आहे. काहीजण ते ९व्या शतकातल्या आल्फ्रेड राजापर्यंत मागे नेतात, पण पक्का लेखी आधार इंग्लंडमधल्या ११९४ च्या नियमांचा आहे, तोच धरलेला बरा. तेव्हा या माणसाचं मुख्य काम राजाचा महसूल सांभाळणं, मेलेल्याची चौकशी त्यातच यायची, म्हणजे वैद्यकशास्त्र बरंच नंतर आलं. लंडनमध्ये १७व्या शतकातही प्रेत बघून कारण सांगायचं काम बहुतेकदा म्हाताऱ्या बायकांकडे होतं आणि तिथल्याच जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये मृत्यूंचा जो पहिला मोठा हिशोब मांडला तो अशाच नोंदींवरून.

कारणांची आंतरराष्ट्रीय यादी फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्टिलॉनने १८९३ मध्ये मांडली, १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे, ११वी आवृत्ती २०२२ पासून लागू.

पोस्टमॉर्टेम केलं म्हणजे लगेच उत्तर मिळतं असं नाही, विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला जातो आणि तोवर डॉक्टर मत राखून ठेवतात. डॉक्टरच नसेल तिथे घरच्यांना ताप होता का, धाप लागायची का, असे ठरलेले प्रश्न विचारून अंदाज बांधतात, पण तो गावा-जिल्ह्याच्या आकड्यांसाठी ठीक, एकट्या माणसाच्या बाबतीत फार भरवशाचा नाही.