मेल्यावर पाणी कोण देणार?

बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावात झाला. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात, तिचे हे लेखक. जन्मही बेळगावचाच, १८३१ चा; घराणं कासारांचं, देवधर्म पाळणारं. मेल्यावर आत्म्याचं काय होतं, यावर मिशनरी आणि शास्त्रीबुवा यांचे तेव्हा वाद रंगत. अशा घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न मात्र साधा असे: आम्ही गेल्यावर पाणी कोण देणार? मुलगा ख्रिस्ती झाला की अग्नी द्यायला, पिंड ठेवायला उरलाच नाही.

उलट, पतित माणसाचं जिवंतपणीच उत्तरकार्य उरकायची सोय धर्मशास्त्रात होती. मनुस्मृतीत तो विधी आहे. वाईट दिवस पाहून संध्याकाळी गावाबाहेर जमायचं, मेलेल्याला देतात तसं पाणी द्यायचं आणि दासीने भरलेला घडा लाथेने पालथा करायचा. एक दिवसरात्र सुतक. पुढे त्याच्याशी बोलणं नाही, बसणं-उठणं नाही, वाटणी नाही. घरोघर हे यथासांग होत असे असं नव्हे. समजूत मात्र हीच होती.

यातला वाटणीचा भाग सरकारने १८५० च्या कायद्याने मोडला: धर्म सोडला किंवा जातीने टाकलं, एवढ्यावरून वारसाहक्क जाणार नाही. पदमनजींचा बाप्तिस्मा त्यानंतर चारच वर्षांनी. कायदा जमिनीचा तुकडा मिळवून देईल. खांदा द्यायला माणसं कुठून आणणार?

मिशन बेळगावात आलं ते इंग्रजांच्या छावणीच्या मागोमाग. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले, मागून विल्यम बेनन. बेनन-स्मिथ शाळेच्या नावात ते अजून आहेत. १९०४ मध्ये सोसायटीने इथलं काम मेथॉडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाकडे सोपवलं.

या प्रॉटेस्टंट मंडळींची शिकवण रोखठोक. विश्वास ठेवायचा की नाही, ते श्वास चालू असताना ठरवायचं. मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने गेलेल्याची गती बदलत नाही. म्हणून दफनाच्या वेळी पाळक बोलतात ते पेटीतल्या माणसापेक्षा खड्ड्याभोवती उभ्या असलेल्यांशी. श्राद्धपक्षात वाढलेल्या नव्या ख्रिस्ती घरांना नरकाच्या भीतीपेक्षा हे हात बांधून बसणंच जड गेलं असावं, असं मला वाटतं. बायबलात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्यालाच मरण म्हटलं आहे: ख्रिस्ताबरोबर पुरलं जायचं आणि नव्या जीवनात उठायचं. पदमनजींच्या पिढीला यावर प्रवचनाची गरज नव्हती. आप्तांच्या लेखी ते मेलेलेच होते.

खानापूर-लोंढ्याकडची कॅथलिक परंपरा वेगळी. तिचं वळण गोव्याचं. तिथे रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं; मराठीत आणि तेही ओवीत. त्यामुळे ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान लोकांनी पुराणाच्या चालीवर ऐकलं. कॅथलिकांमध्ये मेलेल्याशी व्यवहार तुटत नाही. सातव्या दिवसाची मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी), महिन्याची, मग वर्षाची. देवाच्या कृपेत गेलेल्या जिवाचीही शेवटची शुद्धी राहिलेली असू शकते आणि तिला जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सिमेंटरीत जाऊन पाहावं. पावसात माजलेलं गवत काढलेलं, कबरींवर झेंडू-शेवंती, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या पोरं परत परत पेटवताहेत, आणि फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेतून चाललेत. पितृपंधरवडा नुकताच उरकलेल्या शेजारणीला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. (मेथॉडिस्ट व्याह्याला सांगावं लागतं.)

१९५३ मध्ये बेळगाव कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला.

धर्म निवडण्याचा प्रश्न पुन्हा सरकारदरबारी आला, तोही बेळगावातच. २३ डिसेंबर २०२१ ला सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, विधी करणाऱ्यानेही. तक्रार करायचा अधिकार आईवडील, भावंडं, नातेवाईक यांना. १८५० ने भाऊबंदांच्या हातून जे काढून घेतलं, त्यातलं थोडं इथे त्यांना परत मिळालं. कॅथलिक नियमाप्रमाणे शेवटच्या घटका मोजणाऱ्याने बाप्तिस्मा मागितला, तर फादर नसले तरी जवळचं कोणीही डोक्यावर पाणी ओतून तो देऊ शकतं. तीस दिवसांच्या अर्जात अशा माणसाचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करायचं ठरवलं.