इंग्रजी स्पेलिंगच्या चुका (मुंबई)

दुकानाच्या पाट्या, सोसायटीच्या नोटिसा, पावत्या, मेनूकार्डे, लग्नाच्या कमानी अशा मुंबईतल्या मराठी माणसाच्या रोजच्या इंग्रजी लिखाणात वारंवार दिसणाऱ्या चुका. बोलण्यात यांना ‘स्पेलिंग मिस्टेक’च म्हणतात, ‘अशुद्धलेखन’ हा शब्द मराठीतल्या चुकांसाठी राखून ठेवलेला आहे.

मूळ दोष इंग्रजीचाच. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला. पुढे स्पेलिंग हळूहळू ठरत गेले, पण त्याच काळात स्वरांचे उच्चार बदलत होते. लिहिणे जुन्या जागी राहिले, बोलणे पुढे गेले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, यातला के एके काळी उच्चारला जाई. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातला बी मात्र कधीच उच्चारात नव्हता. मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसवला.

देवनागरीत वाढलेल्या मुलाला हे पटत नाही, म्हणून ते पाठ करते: ‘बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल ब्युटिफुल, ब्युटिफुल म्हणजे सुंदर’. जिथे ही चाल पुरत नाही तिथे अक्षरे देवनागरीसारखी वाचून टाकायची. बुधवारचा ‘वेडनेसडे’ होतो, ‘नॉलेज’चे ‘क्नोवलेडगे’. ऐकायला हास्यास्पद, पण अशा पाठांतराने स्पेलिंग चुकत नाही. राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीत सुरू होई. घोकंपट्टी दोन्ही पिढ्यांना सारखीच.

खरी गंमत पाठ न केलेल्या शब्दांत. तिथे लिहिणारा कानाने लिहितो, आणि कान मराठी असतो. सराफाच्या पाटीवरचे ‘ज्वेलर्स’ पाहा. मराठीत ज्वे हे एकच जोडाक्षर, ज आणि व यांच्यामध्ये स्वर नाही. म्हणून इंग्रजी पाटीवर जेच्या पाठोपाठ डब्ल्यू येतो आणि मधला ई गळतो. याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. देवनागरीतले बरोबर स्पेलिंग रोमन अक्षरांत उतरवले आहे, इतकेच. ‘कॉलेज’च्या शेवटी ‘व्हिलेज’, ‘पॅकेज’सारखे ए-जी-ई लावले की त्याचे कोलाज होते, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेले चित्र. डेअरी आणि डायरी यांत दोन अक्षरांच्या अदलाबदलीचा घोळ आहे, त्यामुळे दूध-दह्याच्या दुकानावर कधीकधी रोजनिशीची पाटी लागते.

मराठीत ‘व’ एकच. व्ही की डब्ल्यू, हे ज्याचे त्याने ठरवायचे. वडापाव दोन्ही अक्षरांनी लिहितात आणि चवीत फरक पडत नाही. आडनावात पडतो. एकाच घरातल्या दोन सावंतांच्या कागदपत्रांवर दोन वेगळी अक्षरे निघाली, की प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रापर्यंत धाव घ्यावी लागते.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘मेंटेनन्स’ हमखास चुकतो, कारण ‘मेंटेन’चे स्पेलिंग जसेच्या तसे त्यात बसवले जाते. त्याखाली ‘कमिटी’ एका एमची किंवा एका टीची. चेकवर ‘फोर’मधला यू ‘फॉर्टी’तही शिरतो. लग्नाच्या कमानीवर थर्माकोलचे ‘वेल-कम’ मध्ये रेघ देऊन, दोन तुकड्यांत. त्याला हसणाऱ्यांनी शेजारच्या ‘सुस्वागतम्’कडेही बघावे, ‘स्वागत’मध्ये ‘सु’ आधीच आहे.

काही चुका इतक्या रुळतात की चुका राहत नाहीत. चीनमधल्या सिचुआन प्रांताचे जुने रोमन स्पेलिंग एस-झेडने सुरू होई. चायनीजच्या गाड्यांवर त्याचे एस-सी-एच झाले, उच्चार ‘शेजवान’ झाला, आणि आता कंपन्यांच्या चटणीच्या बाटल्यांवरही तेच छापलेले असते. इथे मूळ स्पेलिंग लिहिणाऱ्यालाच गिऱ्हाईक विचारील, हे काय नवीन?

२०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना पाटीवर देवनागरीत मराठी लिहिणे बंधनकारक झाले, आणि ती अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान असून चालत नाहीत. बऱ्याच पाट्यांवर त्यामुळे इंग्रजी शब्दच देवनागरीत आले. ज्वेलर्सचा गळलेला ई तिथे कोणी शोधत नाही. मात्र एकाच गल्लीत एक डॉक्टर ‘क्लिनिक’ चालवतो, दुसरा ‘क्लीनिक’.