जंगलातली माती नापास का होते?

सोलापुरात माती चांगली की वाईट हे ठरवायला फार वेळ लागत नाही. काळी असेल, खोल असेल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडत असतील तर चांगली. मंगळवेढ्याची ज्वारी अशाच जमिनीत, पावसाळा सरल्यावर उरलेल्या ओलीवर येते, त्यामुळे हा निकष खोटा नाही. घोटाळा होतो तो हीच फूटपट्टी डोंगरातल्या जंगलाला लावल्यावर. ओळखीतल्या एकाने घाटमाथ्यावरच्या खासगी रानातली माती हौसेने तपासून घेतली. अहवाल आला: सामू (पीएच) आम्ल, स्फुरद (फॉस्फरस) कमी, चुना टाकावा. चुना! जंगलाला!

चूक प्रयोगशाळेची नाही, विचारलेल्या प्रश्नाची आहे. २०१५ पासून मिळणारी जमीन आरोग्य पत्रिका बारा घटक मोजते, ते पुढच्या पिकाला खत किती द्यायचं हे सांगायला. जंगलातून दर हंगामाला धान्य उचललं जात नाही. पान गळतं, कुजतं, त्यातलं स्फुरद बुरशी आणि मुळं जवळजवळ हातोहात उचलतात. कोणत्याही क्षणी मातीत ‘उपलब्ध’ दिसणारा साठा थोडाच असतो, म्हणून ते रान उपाशी ठरत नाही.

गंमत म्हणजे आपली काळी आणि सह्याद्रीची तांबूस माती, दोन्ही एकाच बेसॉल्टच्या लेकी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस तोच. फरक पावसाने केला. सोलापूरला वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. त्यात कॅल्शियम, सिलिका फारसे वाहून गेले नाहीत आणि फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार झाली. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे हे सगळं धुऊन गेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. ती स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. म्हणजे अहवालातला ‘कमी’ हा शेरा निम्मा तर हवामानाचाच आहे.

मग जंगलाच्या मातीचा दर्जा मोजायचा कसा? अमेरिकेतल्या मृदाशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९९७ साली केलेली व्याख्या मला पटते: ती विशिष्ट माती आपल्या जागी आपलं काम किती नीट करू शकते, तो तिचा दर्जा. डोंगरउतारावरच्या मातीची कामं म्हणजे पाऊस जिरवणं, उतार धरून ठेवणं, पालापाचोळा कुजवणं, कर्ब (कार्बन) साठवणं. यातलं पहिलं काम सोलापूरकरांच्या थेट जिव्हाळ्याचं. उजनी धरणात येणारी भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. तिकडची माती पाणी मुरवते की वाहून जाते, यावर उजनीत पाण्याबरोबर गाळ किती येणार हेही ठरतं.

आणि माती पाणी मुरवणार का, हे तिच्या दाण्यांवर ठरतं. चांगल्या रानातली वरची माती हातात घेतली की आपल्या शेंगाचटणीसारखी रवाळ लागते. हे दाणे पाण्यात टिकतात का, ही माझ्या मते सगळ्यात बोलकी चाचणी.

कोरडं ढेकूळ पाण्यात टाकलं की पाणी चहूबाजूंनी आत शिरतं आणि बारीक पोकळ्यांतली हवा मध्येच कोंडते. पाणी जितक्या वेगाने आत ओढलं जातं, तितका त्या हवेचा दाब वाढतो. कणांची एकमेकांवरची पकड कमी पडली की ढेकूळ आतून फुटतं. उघड्या, तापलेल्या जमिनीवर वळीव कोसळतो तेव्हा हेच घडतं. फुटलेले कण वरच्या छिद्रांत जाऊन बसतात, पापुद्रा धरतो, आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून पळतं.

जंगलात पाव मिलिमीटरपेक्षा मोठ्या दाण्यांना बुरशीचे तंतू आणि बारीक मुळं आवळून धरतात. त्यांच्यावरच्या सेंद्रिय लेपामुळे पाणीही हळूहळू आत जातं, हवेला बाहेर पडायला सवड मिळते. त्याहून लहान दाण्यांत मात्र कर्ब चिकणमातीला आणि त्या ऑक्साइडांना रासायनिक बंधांनी चिकटलेला असतो. तो दीर्घकाळ हलत नाही. ही दोन पातळ्यांची मांडणी टिस्डॉल आणि ओड्स या मृदाशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये केली. तिचा अर्थ असा: झाडं तोडली, रान नांगरलं की मुळं-बुरशीचे मोठे दाणे काही हंगामांतच ढासळतात, पण एकूण सेंद्रिय कर्बाचा आकडा अजून बरा दिसत राहतो. नुसता कर्ब मोजणाऱ्याला दुखणं उशिरा कळतं.

इथे एक गफलत टाळायची. ढेकूळ फुटणं वेगळं आणि पाणी गढूळ होणं वेगळं. आपल्या चोपण जमिनीत सोडियम जास्त असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार, सोडियमवर एकच, शिवाय त्याच्याभोवती पाण्याचं जाड वेष्टन. त्यामुळे चिकणमातीच्या पापुद्र्यांना तो जवळ आणू शकत नाही आणि ते तासन्‌तास पाण्यात तरंगत राहतात. घाटमाथ्यावर सोडियम कधीच धुऊन गेलेला असतो. म्हणून तिथे पाणी नितळ राहिलं एवढ्यावर मातीला शाबासकी देऊ नये, ढेकळाकडे बघावं.

प्रयोगशाळेत हेच पाव मिलिमीटरच्या चाळणीवर, पाण्यात ठरावीक वेळ खालीवर करून मोजतात. चाळणीवर उरलेले खडे वजा करावे लागतात, नाहीतर मुरमाड माती उगाच पहिली येते. दगडांचा उपद्रव कर्बाच्या हिशेबातही होतो. समजा कर्ब ३ टक्के, घनता घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि खोली ३० सेंटिमीटर, तर हेक्टरी ८१ टन कर्ब निघतो. त्या थरातली ४० टक्के जागा दगडांनीच व्यापली असेल तर तो ४९ टनांच्याही खाली येतो. कार्बन क्रेडिटच्या सादरीकरणात हेक्टरी टनांचा आकडा दिसला की दगड वजा केलेत का, एवढं जरूर विचारा. मुळं आणि दगडांमुळे घनता मोजण्यासाठीची लोखंडी कडी जमिनीत ठोकता येत नाही. तिथे खड्डा खणून, त्यात प्लास्टिक अंथरून, किती पाणी मावतं त्यावरून आकारमान काढतात. साधी युक्ती, पण नेमकी.

कृषी सेवा केंद्रातल्या, ‘महिन्यात माती जिवंत’ करणाऱ्या काळ्या बाटल्यांबद्दल इतकंच म्हणेन की बुरशीचं हे जाळं बाटलीत भरून मिळत नाही. त्याला पाला लागतो आणि नांगरापासून सुटका लागते.

तुलना करायची तर रानाची ज्वारीच्या शेताशी नको, त्याच उतारावरच्या, त्याच उंचीवरच्या न तोडलेल्या तुकड्याशी करावी. घाटात जुन्या देवराया यासाठी उपयोगी पडतात. भीमाशंकर मात्र अभयारण्य आहे, तिथली माती वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलायची नाही. चाचणी घरच्या शेतातही जमते. नांगर न लागलेल्या बांधावरचं एक ढेकूळ, वावरातलं एक, दोन्ही सावलीत खडखडीत वाळवलेली, कारण ओल्या ढेकळात कोंडायला हवा उरत नाही आणि ते फुकटच पास होतं. दोन पेल्यांत पाणी घ्या, ढेकळं एकाच वेळी अलगद सोडा आणि पाच मिनिटं ढवळू नका.