सोनं ओढताना गुंफली जाणारी रेणूंची साखळी

पैठणीच्या जरीसाठी धातूची तार छिद्रातून ओढून ओढून बारीक करतात. सोन्याची सुई सोन्याच्याच पत्र्यात टेकवून अलगद मागे ओढली, तर शेवटी दोघांना जोडणारा एकच अणू उरतो. त्याचा रोध १२.९ किलोओहम. ०.१ व्होल्ट दाबाला त्यातून ७.७ मायक्रोॲम्पिअर प्रवाह वाहतो. अणू सुटला की प्रवाह धाडकन कोसळतो.

पण भोवती इमिडाझोलचं, म्हणजे कडीच्या आकाराच्या एका छोट्या सेंद्रिय रेणूचं, द्रावण असेल तर कोसळणारा प्रवाह मध्येच एका पायरीवर थबकतो, कारण फटीत रेणू अडकलेला असतो. या कडीत नायट्रोजन दोन, पण एकावर हायड्रोजन बसलेला. अल्कलीने तो काढला की दोन्ही बाजूंनी सोनं धरता येतं. मग ओढताना पृष्ठभागावरचा सैल अणू रेणूसोबत उचलला जातो, त्याला पुढचा रेणू चिकटतो: सोनं, रेणू, सोनं, रेणू. ओढताना नोंदलेल्या प्रवाहाच्या आलेखात पहिल्या पायरीखाली दुसरी, कमी प्रवाहाची पायरी दिसते. एक रेणू आणि एक अणू मिळून लांबी साधारण ०.६ नॅनोमीटरने वाढते. सेकंदाला २० नॅनोमीटर वेगाने ओढलं तर हे सगळं ३० मिलिसेकंदांत उरकतं! म्हणून हजारो वेळा टेकवून, ओढून आलेख एकावर एक रचावे लागतात.

पाण्यातल्या अल्कलीत आयनांमुळे प्रवाहाची गळती होते. सुईवर मेणाचा लेप देऊन फक्त टोक उघडं ठेवतात. लेपाला चीर गेली की गळतीचा प्रवाह चढतो आणि खालची पायरी त्यात बुडते. अशा वेळी सुई बदललेली बरी. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते. उघडा थेंब भराभर आटतो, अल्कली तीव्र होते. एसी चालू-बंद झाला तरी धातू प्रसरण-आकुंचन पावून सुई सरकते. थेंब झाकावा, खोलीचं तापमान तासन्‌तास स्थिर ठेवावं.

लांब पायरी दिसली म्हणून साखळी झाली असं मात्र मानू नये. दोन रेणू एकमेकांना नुसते टेकले तरी, किंवा सोन्याचं टोक ताणलं गेलं तरी पायरी लांबते. खात्रीसाठी तोच प्रयोग मिथिल-इमिडाझोलवर करावा, ज्यात हायड्रोजनच्या जागी नायट्रोजनवर मिथिल गट असतो. तो अल्कलीने निघत नाही, दुसरा हात मोकळा होत नाही. तिथेही दुसरी पायरी उमटली, तर पहिल्या प्रयोगातली साखळी खरी धरता येणार नाही.